एसटीडी-फंक्शन: दोन क्लासमधला कॉलबॅक त्याच्यावर सोपवावा का?

डाउनलोडर नावाचा क्लास फाइल उतरवतो आणि पडदा नावाचा क्लास किती टक्के झालं ते दाखवतो. पडद्याला डाउनलोडर माहीत असला तर बिघडत नाही. डाउनलोडरला मात्र पडद्याचं नावगाव कळता कामा नये, नाहीतर दोघांची हेडर एकमेकांत अडकतात, चाचणीसाठी डाउनलोडर एकटा चालवता येत नाही आणि उद्या पडद्याऐवजी लॉग फाइल आली की डाउनलोडरची मोडतोड सुरू होते. म्हणून पडदा आपलं एक फंक्शन डाउनलोडरच्या हाती देतो आणि डाउनलोडर वेळ आली की ते चालवतो. हा झाला कॉलबॅक.

सी++मध्ये या कामासाठी आज पहिला हात जातो तो एसटीडी-फंक्शनकडे, म्हणजे चालवता येणारी कुठलीही गोष्ट पोटात साठवून नंतर चालवणाऱ्या एसटीडी::फंक्शन या टाइपकडे. बूस्ट लायब्ररीत ते आधी रुळलं, टीआर१ या तांत्रिक अहवालातून पुढे आलं आणि २०११च्या मानकात भाषेच्या प्रमाण लायब्ररीचा भाग झालं. निकाल आधीच सांगून टाकतो: फंक्शन एका क्लासकडून दुसऱ्याकडे पोचवण्याचं काम ते चोख करतं. पोचलेलं फंक्शन ज्या ऑब्जेक्टवर चालायचं आहे तो अजून जिवंत आहे का, याच्याशी मात्र त्याला काडीचंही देणंघेणं नाही. त्याच्या नावाने जी बोटं मोडली जातात, त्यातली बहुतेक या दुसऱ्या वाक्यामुळे.

आधीच्या साधनांशी तुलना केल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. साध्या फंक्शन पॉइंटरमध्ये ऑब्जेक्टला जागाच नसते. पडदा क्लासमधलं मेंबर फंक्शन तिथे द्यायला गेलं की जीसीसी हा कंपायलर ‘इनव्हॅलिड यूज ऑफ नॉन-स्टॅटिक मेंबर फंक्शन’ म्हणून अडवतो, आणि नवशिके तिथेच अडखळतात. कारण सरळ आहे. मेंबर फंक्शनला धिस, म्हणजे ते ज्या ऑब्जेक्टवर चालायचं त्याचा पॉइंटर, हा न दिसणारा एक पॅरामीटर लागतो, आणि तो कोण देणार हे कुणी सांगितलेलंच नसतं. ६४-बिट लिनक्सवर साधा फंक्शन पॉइंटर ८ बाइटचा असतो, तर मेंबर फंक्शनचा पॉइंटर १६ बाइटचा. म्हणजे जबरदस्तीने कास्ट करून बसवू म्हटलं तरी तो बसणार नाही. जुना तोडगा म्हणजे स्टॅटिक फंक्शन आणि सोबत एक व्हॉइड पॉइंटर. सी भाषेतल्या लायब्रऱ्या आजही असंच मागतात. चालतं उत्तम, पण व्हॉइड पॉइंटर चुकीच्या क्लासमध्ये कास्ट केला तर कंपायलर चकार शब्द काढत नाही.

दुसरा जुना मार्ग इंटरफेसचा. व्हर्च्युअल फंक्शन असलेला एक ॲब्स्ट्रॅक्ट क्लास करायचा आणि पडद्याने त्याच्यापासून इनहेरिट करायचं. हा मार्ग वाईट नाही, त्याच्याबद्दल पुढे येईलच. पण एकाच पडद्यावर दोन डाउनलोडर चालत असले की दोघांची खबर एकाच व्हर्च्युअल फंक्शनमध्ये येऊन पडते आणि कोणाची कोणती हे पाठवणाऱ्याच्या पॉइंटरवरून ओळखत बसावं लागतं. एसटीडी-फंक्शनमध्ये प्रत्येक डाउनलोडरला वेगळा लॅम्ब्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, द्यायचा की प्रश्न मिटला.

जोडणी कशी करायची

फंक्शनल हे हेडर घ्यायचं. डाउनलोडरमध्ये सहीला, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय परत करतं त्या साच्याला, एक नाव द्यायचं, म्हणजे यूझिंग लिहून ‘प्रगतीकॉलबॅक’ म्हणजे एसटीडी::फंक्शन<व्हॉइड(इंट)> असं ठरवून टाकायचं. ही ओळ टाळून पूर्ण टाइप जागोजागी लिहिला तर सही बदलायच्या दिवशी पस्तावायची वेळ येते. मग त्या टाइपचा एक प्रायव्हेट मेंबर ठेवायचा आणि तो भरायला एक सेटर. सेटरने पॅरामीटर व्हॅल्यूने घ्यावा आणि आत एसटीडी::मूव्ह करून मेंबरमध्ये टाकावा. कॉन्स्ट रेफरन्सने घेतला तर आत पुन्हा कॉपी होते, आणि कॅप्चर, म्हणजे लॅम्ब्डाने बाहेरून घेऊन आत धरून ठेवलेला ऐवज, मोठं असेल तर ती फुकट पडत नाही.

चालवण्याआधी तो रिकामा नाही ना हे इफ लावून पाहायचंच. रिकामं एसटीडी-फंक्शन चालवलं की बॅड-फंक्शन-कॉल हे एक्सेप्शन उडतं. रिकाम्या फंक्शन पॉइंटरने थेट कोसळण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पण कॉलबॅक ऐच्छिक असेल तर एक्सेप्शनवर विसंबू नये.

पडद्याच्या बाजूने द्यायला तीन पर्याय आहेत: धिस कॅप्चर केलेला लॅम्ब्डा, फंक्शन आणि त्याचे आर्ग्युमेंट आधीच बांधून ठेवणारा एसटीडी::बाइंड, आणि सी++२० असेल तर बाइंड-फ्रंट. आमचं मत बिनदिक्कत लॅम्ब्डाच्या बाजूने. बाइंडची खोड अशी की दिलेली प्रत्येक गोष्ट तो कॉपी करून ठेवतो. पॉइंटरऐवजी ऑब्जेक्टच दिला आणि एसटीडी::रेफ लावायला विसरलात, तर कॉलबॅक पडद्याच्या प्रतीवर चालतो, मूळ पडदा ढिम्म. शिवाय बाइंडला जास्तीचे आर्ग्युमेंट दिले तर तो ते मुकाट्याने गिळतो. मेंबर फंक्शन ओव्हरलोड केलेलं असेल तर नेमकं कोणतं हे कास्ट करून सांगावं लागतं, आणि ती ओळ वाचणाऱ्याचा अंत पाहते. लॅम्ब्डात यातलं काहीच उद्भवत नाही, कारण आत तुम्ही साधा कॉल लिहिलेला असतो.

एक कमी माहिती असलेली सोय: एसटीडी::फंक्शन<व्हॉइड(पडदा&, इंट)> अशी सही ठेवली तर मेंबर फंक्शनचा पत्ता थेट देता येतो, लॅम्ब्डाशिवाय. ऑब्जेक्ट चालवताना द्यायचा. कमांडच्या तक्त्यासाठी, म्हणजे नावावरून मेंबर फंक्शन शोधून चालवायला, हे छान बसतं. कॉलबॅकसाठी नाही, कारण मग डाउनलोडरला पुन्हा पडदा माहीत व्हायला हवा.

सही जुळवताना दाखवलेला सैलपणा

एसटीडी-फंक्शन सही तंतोतंत जुळवत नाही. दिलेली गोष्ट त्या आर्ग्युमेंटांनी चालवता येते का आणि परत आलेलं मूल्य बदलून घेता येतं का, एवढंच ते बघतं. बहुतेक वेळा हे पथ्यावर पडतं. व्हॉइड मागितलं आणि लॅम्ब्डाने बूल परत केला तरी चालतं, तो टाकून दिला जातो.

पण समजा, डाउनलोडर आधी ० ते १०० असा इंट पाठवत होता. कुणीतरी सही बदलून ती डबल केली आणि ० ते १ असा अपूर्णांक पाठवायला लागलं. पडद्याचा लॅम्ब्डा अजून इंटच घेतोय. कंपाइल बिनतक्रार होतं. ०.२५ चा झाला ०, ०.७३ चा ०, ०.९९ चाही ०, आणि शेवटी १. प्रगतीपट्टी शेवटपर्यंत जागची हलत नाही. डबलचा इंट होताना वॉर्निंग का येत नाही? कारण ते रूपांतर तुमच्या फाइलीत होत नाही, लायब्ररीच्या हेडरमध्ये होतं, आणि सिस्टिम हेडरमधल्या वॉर्निंग कंपायलर दाबून टाकतो. डब्ल्यू-कन्व्हर्जन हा वॉर्निंगचा पर्याय लावूनही उपयोग नाही. उपाय दोन. लॅम्ब्डाचा पॅरामीटर ऑटो ठेवा, म्हणजे रूपांतर तुमच्या कोडमध्ये होईल आणि वॉर्निंग दिसेल. त्याहून पक्का उपाय म्हणजे टक्केवारीसाठी एक छोटा स्ट्रक्ट करा आणि सहीत तोच घाला. एकदा अर्थ बदलला की जुना लॅम्ब्डा कंपाइलच होणार नाही.

याच सैलपणाचं आणखी वाईट रूप परतीच्या रेफरन्समध्ये दिसतं. सही कॉन्स्ट रेफरन्स परत करणारी आणि लॅम्ब्डा मात्र व्हॅल्यू परत करणारा, असं झालं तर रेफरन्स एका तात्पुरत्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतो, जो तोवर संपलेला असतो. लॅम्ब्डाचा परतीचा टाइप लिहिला नाही तर तो रेफरन्स गाळून टाकतो, म्हणून हे सहज घडतं. सी++२३ने हे बेकायदा ठरवलंय. जुन्या मानकावर असाल तर परतीचा टाइप बाण लावून लिहायची सवय ठेवा.

खरी गोम: धिस किती काळ टिकतो

लॅम्ब्डात धिस कॅप्चर केला म्हणजे फक्त एक पॉइंटर कॅप्चर झाला. चौकटी कंसात नुसतं बरोबरचिन्ह लिहिलं की सगळ्याची प्रत झाली असं अनेकांना वाटतं, पण मेंबर व्हेरिएबल धिसमार्फतच वापरले जातात आणि धिस पॉइंटर म्हणूनच जातो. हा गैरसमज इतका पसरला की सी++२०मध्ये बरोबरचिन्हाने धिस आपोआप घेणं कालबाह्य म्हणून नोंदवलं गेलं. आता धिस उघडपणे लिहायचा, किंवा खरंच प्रत हवी असेल तर सी++१७पासून तारा लावून *धिस.

वापरकर्त्याने पडदा बंद केला, ऑब्जेक्ट गेला, डाउनलोडर मात्र चालूच आहे. पुढच्या टक्क्याला तो मेलेल्या पडद्याच्या पत्त्यावर फंक्शन चालवतो. तपासताना घोळ असा होतो की हे दर वेळी कोसळत नाही. मोकळी झालेली मेमरी अजून कुणी घेतली नसेल तर जुने आकडे तसेच असतात आणि सगळं ठीक चाललंय असं दिसतं. इफ लावून एसटीडी-फंक्शन रिकामं आहे का पाहिलं तर तेही भरलेलंच दिसणार. लॅम्ब्डा आत आहेच, फक्त त्याच्या पोटातला पॉइंटर निकामी आहे. कोसळलं तरी स्टॅकमध्ये मधल्या फ्रेम लायब्ररीच्या आतल्या नावांच्या असतात, लॅम्ब्डाला नाव नसतं, आणि तो कुठे नोंदवला होता हे तर त्यात कुठेच नसतं. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) आणि डीबग माहिती लावून बिल्ड करा. हीप-यूज-आफ्टर-फ्री या मथळ्याखाली तो तीन स्टॅक देतो: आता कुठे हात लावला, आधी मेमरी कुठे मोकळी झाली, आणि मुळात कुठे घेतली होती. मधला स्टॅक आधी वाचा.

यावर दोन धड उपाय आहेत.

पहिला वीक पॉइंटरचा. शेअर्ड पॉइंटर ऑब्जेक्टला मालकीने जिवंत ठेवतो; वीक पॉइंटर फक्त ओळख ठेवतो आणि ऑब्जेक्ट जिवंत असेल तरच लॉक केल्यावर शेअर्ड पॉइंटर हाती देतो. पडदा शेअर्ड पॉइंटरने सांभाळलेला असेल आणि त्याचा क्लास एनेबल-शेअर्ड-फ्रॉम-धिसपासून इनहेरिट करत असेल, तर लॅम्ब्डात धिसऐवजी वीक-फ्रॉम-धिस कॅप्चर करायचं. आत गेल्यावर पहिल्याच ओळीत लॉक करायचं. हाती काही लागलं तर पुढे जायचं, नाहीतर परत फिरायचं. लॉक करून मिळालेला शेअर्ड पॉइंटर लोकल व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, म्हणजे कॉलबॅक संपेपर्यंत पडदा जात नाही.

यातही दोन खड्डे आहेत, आणि दोन्ही गुपचूप आहेत. नोंदणी कन्स्ट्रक्टरमध्ये केली तर वीक-फ्रॉम-धिस रिकामा मिळतो, कारण शेअर्ड पॉइंटर अजून तयारच झालेला नसतो. मग लॉक दर वेळी फसतं आणि कॉलबॅक कधीच चालत नाही. ना एरर, ना क्रॅश. शेअर्ड-फ्रॉम-धिस वापरलं असतं तर सी++१७पासून निदान बॅड-वीक-पॉइंटर हे एक्सेप्शन तरी मिळालं असतं. म्हणून नोंदणी वेगळ्या सुरुवात फंक्शनमध्ये करा किंवा ऑब्जेक्ट बनवून, नोंदवून देणारं एक स्टॅटिक फंक्शन लिहा. दुसरा खड्डा: इनहेरिट करताना पब्लिक लिहायचं राहून जातं. क्लासमध्ये डिफॉल्ट इनहेरिटन्स प्रायव्हेट असतो, शेअर्ड पॉइंटरला तो बेस दिसत नाही, आणि परिणाम वरच्यासारखाच.

वीकऐवजी शेअर्ड पॉइंटरच कॅप्चर केला तर कोसळणं थांबतं, पण पडदा डाउनलोडरचा मालक, डाउनलोडरच्या पोटात कॉलबॅक, कॉलबॅकच्या पोटात पडद्याचा शेअर्ड पॉइंटर असं वर्तुळ पूर्ण होतं. दोघंही कधीच मोकळे होत नाहीत. पडदे उघडत-मिटत राहा आणि मेमरी चढत राहते.

दुसरा उपाय पावतीचा, आणि शेअर्ड पॉइंटर वापरायचा नसेल तर आम्ही हाच सुचवू. नोंदणी केली की डाउनलोडरने एक छोटा ऑब्जेक्ट परत द्यायचा. त्याच्या डिस्ट्रक्टरमध्ये नोंद रद्द होते. पडद्याने ती पावती मेंबर म्हणून ठेवायची, आणि क्लासमध्ये सगळ्यात शेवटी जाहीर करायची. मेंबर जाहीर केल्याच्या उलट क्रमाने नष्ट होतात, त्यामुळे पावती सगळ्यात आधी जाते आणि कॉलबॅक ज्या मेंबरना हात लावतो ते तोवर शाबूत असतात. पावती बेस क्लासमध्ये ठेवली तर हे गणित चुकतं: डिराइव्ह्ड भाग आधीच गेलेला असतो आणि नोंद अजून चालू असते. डाउनलोडर पडद्याआधी गेला तर काय, याचाही विचार पावतीत हवा. पावतीने डाउनलोडरचा कच्चा पॉइंटर ठेवू नये. नोंदींची यादी शेअर्ड पॉइंटरमध्ये ठेवून पावतीत त्या यादीचा वीक पॉइंटर ठेवावा.

काढून टाकणं, आणि चालू असताना काढून टाकणं

ऐकणारे एकापेक्षा जास्त असले की एसटीडी-फंक्शनांचा व्हेक्टर करावासा वाटतो. भरणं सोपं, काढणं अशक्य, कारण दोन एसटीडी-फंक्शन एकच आहेत का हे विचारायची सोयच नाही. तुलना होते ती फक्त रिकामं आहे का एवढीच. सी शार्पचा डेलिगेट इथे उजवा ठरतो. तिथे ऑब्जेक्ट आणि मेथड दोन्ही जुळले की इव्हेंटमधून वजा करता येतं. अर्थात तिथेही वजा करताना लॅम्ब्डा नव्याने लिहिला तर तो जुळत नाहीच. सी++मध्ये प्रत्येक नोंदीला वाढता क्रमांक द्यायचा आणि क्रमांक-फंक्शन असा मॅप ठेवायचा. वरची पावती हाच क्रमांक सांभाळते.

खरी परीक्षा पुढे आहे. कॉलबॅक चालू असतानाच तो स्वतःची नोंद रद्द करतो. ‘एकदाच ऐकायचंय’ म्हणणारा प्रत्येक कॉलबॅक हेच करतो, तेव्हा हा अपवाद समजू नये. व्हेक्टरवर लूप चालू असेल तर इटरेटर, म्हणजे यादीत कुठवर आलो ते सांगणारी खूण, अवैध होतो. एकच मेंबर असेल आणि कॉलबॅकने आतून त्याला नलपॉइंटर लावला, तर जो लॅम्ब्डा या क्षणी चालतोय तोच नष्ट होतो आणि त्याच्या पुढच्या ओळीतलं प्रत्येक कॅप्चर हरवलेलं असतं. एकदाच चालवायचं असेल तर एसटीडी::एक्सचेंजने मेंबर रिकामा करून जुनं मूल्य लोकलमध्ये घ्या आणि मग ते लोकल चालवा. नुसतं मूव्ह करू नका. मूव्ह झालेलं एसटीडी-फंक्शन रिकामंच असेल अशी हमी मानक देत नाही. अनेक नोंदी असतील तर चालवण्यापूर्वी यादीची प्रत घ्या, किंवा लूप चालू असेपर्यंत काढायच्या नोंदींवर फक्त खूण करून शेवटी झाडलोट करा. प्रत स्वस्त नसते, खुणेची पद्धत लिहायला किचकट असते. नोंदी थोड्या असतील तर प्रतच घ्या.

लूपमधला एक कॉलबॅक एक्सेप्शन फेकून गेला तर पुढच्यांना खबर मिळतच नाही, हेही ठरवून ठेवायला हवं. सहीत नोएक्सेप्ट, म्हणजे ‘एक्सेप्शन फेकणार नाही’ असं, लिहून ऐकणाऱ्यावर बंधन घालता येत नाही. एसटीडी-फंक्शन तशी सही स्वीकारतच नाही.

थ्रेड

डाउनलोडर वेगळ्या थ्रेडवर असेल तर कॉलबॅकही त्याच थ्रेडवर चालतो. एसटीडी-फंक्शन थ्रेड बदलून देत नाही. खिडक्या-बटणांच्या बहुतेक लायब्रऱ्यांना मुख्य थ्रेडखेरीज कुणी हात लावलेला खपत नाही, त्यामुळे लॅम्ब्डाने काम रांगेत टाकून निघून जायचं. एका थ्रेडवर ते चालवलं जात असताना दुसऱ्यावरून त्यात नवं मूल्य भरणं ही सरळसरळ डेटा रेस आहे, तेव्हा म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लागणारच. पण म्युटेक्स धरून ठेवून कॉलबॅक चालवू नका. कॉलबॅकने आतून नोंद रद्द करायला डाउनलोडरला हाक मारली की तोच म्युटेक्स पुन्हा मागितला जातो आणि कार्यक्रम जागीच थिजतो. रिकर्सिव्ह म्युटेक्स लावला तर थिजणं जातं, पण वरचा इटरेटरचा घोळ परत येतो. म्युटेक्स धरून यादीची प्रत घ्या, सोडा, मग चालवा. याचा तोटा असा की नोंद रद्द केल्यावरही एखादा कॉलबॅक नंतर चालू शकतो, कारण तो आधीच प्रतीत गेला होता. म्हणून थ्रेड असतील तर नुसती पावती पुरत नाही, सोबत वीक पॉइंटर लागतोच.

वजन

६४-बिटवर एक एसटीडी-फंक्शन जीसीसीच्या लायब्ररीत ३२ बाइट घेतं, क्लँगच्या लिब-सी++मध्ये ४८, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत ६४. लहान कॅप्चर आतच मावतं, मोठं असेल तर हीपवर, म्हणजे वेगळी मागून घेतलेल्या मेमरीत, जातं. जीसीसीकडे आत जागा १६ बाइटची, आणि अट अशी की कॅप्चर ट्रिव्हिअली कॉपी करण्याजोगं, म्हणजे नुसते बाइट उचलून प्रत होईल असं, हवं. नुसता धिस, किंवा धिस आणि एक इंट, आत बसतात. एसटीडी::स्ट्रिंग बसत नाही. गंमत म्हणजे वीक पॉइंटर नेमका १६ बाइटचा असूनही बसत नाही, कारण तो ट्रिव्हिअल नाही. म्हणजे सुरक्षित लॅम्ब्डा करायला गेलं की एक ॲलोकेशन आलंच. सेकंदाला काही शे कॉल असतील तर याचा विचारही करू नका, ॲलोकेशन नोंदणीच्या किंवा प्रत घेण्याच्या वेळी होतं, प्रत्यक्ष कॉल करताना नाही. चालवताना एक अप्रत्यक्ष कॉल होतो आणि इनलाइन होणं, म्हणजे कॉलच्या जागी कोडच बसणं, सहसा हुकतं. एसटीडी::सॉर्टला तुलनेसाठी एसटीडी-फंक्शन देणं म्हणूनच चूक. तिथे लॅम्ब्डा थेट द्या, टेम्प्लेट तो इनलाइन करतो.

आणखी एक उणीव: आत ठेवायची गोष्ट कॉपी करता यायलाच हवी. कॉपी न होणारा युनिक पॉइंटर कॅप्चर केलेला लॅम्ब्डा यात जात नाही, आणि मिळणारा एरर पानभर लांब असतो. कॉपीचा दुसरा परिणाम म्हणजे म्युटेबल लॅम्ब्डात मोजणी ठेवली असेल तर प्रत्येक प्रतीची मोजणी वेगळी सुरू होते. शिवाय कॉन्स्ट एसटीडी-फंक्शन चालवलं तरी आतली मोजणी बदलतेच. कॉन्स्टचा अर्थ इथे पातळ झालाय.

कुणी घ्यावं, कुणी दुसरीकडे बघावं

दोन क्लासमध्ये एक-दोन सुटे कॉलबॅक आणि सी++११ ते सी++२० हे मानक असेल, तर डोळे झाकून एसटीडी-फंक्शन घ्या आणि धिसच्या आयुष्याकडे मात्र डोळे उघडे ठेवा. सी++२३ मिळत असेल तर एकच मालक असलेल्या कॉलबॅकसाठी मूव्ह-ओन्ली-फंक्शन सरस आहे: युनिक पॉइंटर चालतो, सहीत कॉन्स्ट आणि नोएक्सेप्ट लिहिता येतं, जीसीसी १२पासून हाती आहे. फक्त रिकामं असताना चालवलं तर ते एक्सेप्शन फेकत नाही, वागणूकच अनिश्चित असते. इफ विसरून चालणार नाही. कॉलबॅक साठवायचाच नसेल, फक्त एका फंक्शनपुरता घेऊन चालवायचा असेल, तर टेम्प्लेट पॅरामीटर पुरे; सी++२६मध्ये त्यासाठी फंक्शन-रेफ येतंय.

सुरू झालं, प्रगती, चुकलं, संपलं असे चार-पाच इव्हेंट नेहमी एकत्रच येत असतील तर इंटरफेसच करा. पाच सेटर भरायला लावले की कुणीतरी ‘चुकलं’ भरायला विसरतोच. प्युअर व्हर्च्युअल फंक्शन विसरलं तर कंपायलर आठवण करून देतो. क्यूटी या लायब्ररीवर काम चालू असेल तर तिची सिग्नल-स्लॉट ही जोडणीची सोय सोडून इकडे यायचं कारण नाही. तिथे ऐकणारा क्यूऑब्जेक्ट गेला की जोडणी आपोआप तुटते आणि थ्रेड बदलायची सोयही आहे. फक्त कनेक्टला लॅम्ब्डा देताना मधला संदर्भ-ऑब्जेक्ट वगळू नका, तो वगळला की ही सगळी सुरक्षा गेली आणि पुन्हा उघडा धिस उरला.

सी लायब्ररीला किंवा आर्डुइनोच्या अटॅच-इंटरप्टसारख्या ठिकाणी साधा फंक्शन पॉइंटरच लागतो. काहीही कॅप्चर न करणारा लॅम्ब्डा तिथे चालतो, एसटीडी-फंक्शन चालत नाही. ८-बिट एव्हीआर बोर्डांच्या नेहमीच्या टूलचेनमध्ये तर प्रमाण सी++ लायब्ररीच नसते. सी लायब्ररी व्हॉइड पॉइंटर देत असेल तर त्यातून एसटीडी-फंक्शनचा पत्ता पाठवून स्टॅटिक फंक्शनातून ते चालवता येतं. त्या स्टॅटिक फंक्शनात सगळं ट्रायमध्ये गुंडाळा आणि एक्सेप्शन तिथेच पकडा, सीच्या फ्रेममधून ते वर जाऊ देऊ नका. आणि ज्याचा पत्ता दिलाय ते एसटीडी-फंक्शन लोकल व्हेरिएबल नाही, लायब्ररीतली नोंद रद्द होईपर्यंत टिकणारा मेंबर आहे, एवढं बघून घ्या.